एक वाजता निघाला

रत्नागिरी,
९ जानेवारी २०२५

दादा,

जयभीम. तुझ्यावर कितीही राग असला तरी एवढं म्हणायचं मी सोडणार नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस म्हणून हे कागदावर लिहावं लागतंय. तुझा नवा पत्ता तेजस्वी वहिनीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते.

रविवारी बाबांनी शेजारच्या काशीकाकूंचा कुकर उचलून अंगणात फेकला. पेटत्या गॅसवरचा, वाफेने भरलेला. काकू डाळ लावून देवपूजेला बसल्या होत्या. पहिली शिट्टी झाली आणि हे चपलांसकट त्यांच्या स्वयंपाकघरात. गॅस बंद केला, नुसत्या हातांनी कुकर उचलला आणि दारातून बाहेर. मग काकूंचा दंड धरून त्यांना ओढत रस्त्यापर्यंत नेलं. "बाहेर व्हा, सगळी बाहेर व्हा," एवढंच म्हणत होते. काकू एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचा गुडघा फुटला. बाबांच्या दोन्ही तळव्यांची कातडी निघाली होती, ते त्यांना मी हातावर पाणी ओतल्यावर कळलं.

काकूंचा मुलगा विनीत संध्याकाळी आला. खोली त्यांचीच आहे, आम्ही भाडेकरू. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, काकांबद्दल आदर आहे. पण उद्या माझ्या आईचं काही बरंवाईट झालं तर? मार्चअखेरपर्यंत इलाज करा, नाहीतर दुसरी खोली बघा." बरोबर बोलला तो. हीच तर पंचाईत आहे, सगळे बरोबर बोलतात आणि निस्तरायचं मी.

तुला इथलं काहीच माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. आमच्या घरात गॅस नाही. सिलिंडर बाबांनी पहिल्याच वर्षी परत करायला लावला, मी विजेच्या शेगडीवर करते. ते घरात झोपत नाहीत, पडवीत झोपतात, दार उघडं टाकून. आणि रोज दुपारी सव्वाचारला मला फोन करतात. मी कॉलेजच्या ऑफिसात, समोर दाखल्यासाठी मुलांची रांग, आणि फोनवर बाबा: "रसिका, इमारतीच्या बाहेर जाऊन उभी राहा." मी जाते. पाच मिनिटं मैदानात उभी राहते आणि परत येते. न जाऊन बघितलंय. मग ते रिक्षा करून येतात.

सव्वाचार का, ते तुला सांगायला नको. आपला धाकटा सागर जाऊन गेल्या डिसेंबरात सहा वर्षं झाली. त्या दिवशी सव्वाचारलाच, बाबा कामाला होते त्या गावाजवळच्या कारखान्यात स्फोट झाला होता.

सागरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात भावकीसमोर तू बाबांना म्हणालास, "स्वतः तापाचं निमित्त करून झोपलात आणि पोराला तुमच्या जागी मरायला पाठवलंत." म्हणालास आणि मिळेल त्या गाडीने निघून गेलास. ते बरोबर होतं की चूक, त्यात मला आत्ता पडायचं नाही. कोणी पाठवलं, कोणी नाही, हे सगळं बाजूला ठेव. मी त्यांना समुपदेशनाला घेऊन जाणार आहे. घरच्या सगळ्यांनी यावं म्हणतात. घरचे म्हणजे आता मी आणि तू. ये.

रसिका


रत्नागिरी,
२८ जानेवारी २०२५

दादा,

जयभीम. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच चालले होते, तेव्हा वाईट वाटलं नाही. वहिनीने फोन करून एवढंच सांगितलं, "वाचलं त्यांनी. दोनदा." बरं झालं.

इथली गंमत ऐक.

ऑफिसातल्या एकांनी एका खाजगी दवाखान्यातल्या समुपदेशकांचं नाव दिलं. मी अर्धा दिवस रजा टाकली, बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला, साळवी स्टॉपवरून रिक्षा केली. बाबा सारा रस्ता विचारत होते, "तिथं काय करतात गो? शॉक देतात काय?" मी म्हटलं, नुसतं बोलतात. "बोलून काय व्हतं?"

ते गृहस्थ आमच्यापेक्षा फॉर्मकडेच जास्त बघत होते. म्हणाले, "मोहिते. मराठा का?"

बाबा म्हणाले, "बौद्ध."

"अच्छा," ते म्हणाले. दादा, तो 'अच्छा' कसा असतो तुला माहीत आहे. मग पेन उचलून विचारलं, "रोज किती घेता?"

बाबांना कळलंच नाही. "काय घेतो?"

"दारू हो. लाजू नका, तुमच्याकडे असतेच."

आपल्या बाबांना! तंबाखूची पुडीसुद्धा ज्यांनी आयुष्यात उघडली नाही, त्यांना. मी मध्ये बोलायला गेले तर ते गृहस्थ मला म्हणाले, "त्यांना बोलू द्या." मग बाबांनाच म्हणाले, त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगा, काय दिसलं, काय ऐकू आलं. दार बंद, एसी चालू, खिडकीला जाड पडदे. बाबांच्या कपाळावर घाम आला. ते काही बोलेनात तेव्हा त्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि सल्ला दिला: घरात एखादी शांत करून घ्या, मुलगा अकाली गेलाय, मनाला समाधान मिळतं.

बाबा उठले. दारात थांबून म्हणाले, "छप्पन साली माझ्या बापानं देव्हारा वहाळात सोडला, साहेब. तेव्हा त्याला समाधान मिळालं व्हतं." आणि चालत निघाले. माळनाक्यापर्यंत मी त्यांच्या मागून धावतेय. मला रडायला यायला हवं होतं, पण खरं सांगू, मला अभिमान वाटला आणि पाठोपाठ संताप आला. अभिमानाने विनीत थोडाच ऐकणार आहे?

हे कमी म्हणून मथुरा आत्या गावाहून आली. चार दिवस राहिली. गेल्यावर अंथरूण झटकते तर बाबांच्या उशीखाली लाल दोऱ्यात बांधलेली पुडी. फोन केला तर म्हणते, "एक म्हातारा देतो, गुण येतो म्हणतात. तुझ्या बाला सांगू नको, मला घरातून हाकलील." आत्या, जी दर चौदा एप्रिलला गावच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असते, ती. मी म्हटलं, आत्या, बावीस प्रतिज्ञा कोणी पाठ करून घेतल्या आमच्याकडून? तर म्हणाली, "प्रतिज्ञा मला पाठ हायत. पण भाऊ माझा हाय ना गो." आता यावर काय भांडायचं, सांग.

मी पुडी टाकून दिली. दोन महिने राहिलेत. तू येणार आहेस का?

रसिका


रत्नागिरी,
२१ फेब्रुवारी २०२५

दादा,

जयभीम. आम्हाला एक बाई भेटल्या आहेत. करुणाताई. लांज्याकडच्या, शेतकरी घरातल्या, मुंबईत शिकून आलेल्या. एका औषधाच्या दुकानावर त्यांची एकच खोली आहे. बाबा दुसरीकडे कुठे जायला तयारच नव्हते, म्हणून मी आधी एकटी जाऊन त्यांच्याशी भांडून आले. म्हटलं, तुम्ही पण आडनाव विचारणार असाल तर आत्ताच सांगा, माझी रजा वाचेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा मीच तुमच्याकडे येते. वडिलांना विचारा, चालेल का. नको म्हणाले तर येणार नाही."

बाबांना असं सहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, "येऊ दे."

आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाल्या, "कुठे बसू सांगा. दार उघडंच ठेवू ना?" बाबांनी त्यांना आत बसवलं आणि स्वतः दाराजवळ बसले. मग म्हणाल्या, "मी तुमच्या समाजातली नाही. तुमच्या घरातलं मला फारसं माहीत नाही. चुकेन तिथे सांगा." आणि पाचव्या मिनिटाला चुकल्या. सागरच्या 'तेराव्या'बद्दल काहीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "आमच्यात तेरावं नाय. पुण्यानुमोदन." त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला, बरोबर लिहिला का म्हणून बाबांना दाखवला, आणि विचारलं, "त्यात काय काय करतात?" झालं. बाबा अर्धा तास शिकवत होते. त्रिसरण, पंचशील, पांढरे कपडे का, भोजनदान का. शाळा सोडून कारखान्यात गेले म्हणून, नाहीतर उत्तम मास्तर झाले असते.

शेवटी म्हणाले, "सागरच्या वेळी मी बसलो व्हतो, पण मला काय ऐकू आलं नाय." एवढंच. त्यांनी पुढे विचारलं नाही.

दादा, त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही! दर गुरुवारी मी रजा टाकून जाते आणि हे दोघं बोलतात काय, तर कलम कसं बांधतात. बांगड्याचं तिखलं. खाडीत कालवं काढायला कधी जावं. तिसऱ्या गुरुवारी मी जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, ताई, मार्चअखेरीला मला घराबाहेर काढतील आणि तुम्ही कालवं काढताय. त्या म्हणाल्या, "रसिका, त्यांचं शरीर अजून सव्वाचारलाच आहे. आधी त्याला कळू दे की इथे बसायला धोका नाही. मग बाकीचं." मी म्हटलं, शरीराला लवकर कळवा. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं, माझं काही नाही, वेळ बाबांची आहे, माझ्यावर घालवू नका.

पण एक काम त्यांनी केलं. बाबांना विचारून काशीकाकूंकडे गेल्या. बाबा वेडे नाहीत, शिट्टी ऐकली की त्यांना वाफेचा नळ फुटल्यासारखा ऐकू येतो, हे काकूंना समजावलं. आता काकू कुकर लावायच्या आधी खिडकीतून सांगतात, "राजारामभाऊ, डाळ लावत्येय, तीन शिट्ट्या." बाबा फाटकाजवळ जाऊन उभे राहतात आणि मोजतात. तिसरी झाली की काकू गॅस बंद करून हात दाखवतात. परवा चौथी झाली तर बाबा तिथूनच म्हणाले, "काशीबाय, डाळ करपली." विनीत ऐकत होता. त्यालाही हसू आलं.

तेव्हा हे असं आहे. करुणाताई म्हणतात, मुलगा आला तर बरं होईल, पण ओढून आणू नका. मी ओढत नाहीये. मी फक्त लिहितेय. वाचणाऱ्याला ओढल्यासारखं वाटलं तर तो त्याचा प्रश्न.

रसिका


रत्नागिरी,
१४ मार्च २०२५

दादा,

वहिनीच्या फोनवरून तुझा निरोप मिळाला. "मला यात ओढू नका. ज्यांनी केलं त्यांनी निस्तरावं." सहा वर्षांनी दोन वाक्यं, आणि तीही दुसऱ्याच्या फोनवरून. कौतुक आहे तुझं.

विनीतने मुदत वाढवलीय, तेवढं सांगते. आणि काल बाबा पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलले.

सुरुवात व्हॉल्व्हपासून झाली. करुणाताईंनी विचारलं होतं, गळती आहे हे तुम्ही कसं ओळखायचात? बाबांनी हाताने करून दाखवलं. नळाला हात कसा लावायचा, किती गरम म्हणजे ठीक, कानाला काय ऐकू येतं. मग म्हणाले, जो फुटला तो व्हॉल्व्ह बदला म्हणून मी शिफ्टच्या वहीत तीनदा लिहिलं व्हतं. ऑगस्टमध्ये, दिवाळीच्या आधी आणि दिवाळीनंतर. सही करून. करुणाताई म्हणाल्या, "हे तुम्ही घरी सांगितलं होतंत?" बाबा म्हणाले, "कोण ऐकणार?" मी तिथेच बसले होते, दादा. मला हे माहीत नव्हतं. तुला तरी होतं का?

मग त्या म्हणाल्या, आज जमेल वाटत असेल तर त्या दिवसाचं बोलू. प्रत्येकाने फक्त आपण पाहिलं तेवढंच सांगायचं. कधीही थांबता येईल. बाबा उठून खिडकीशी गेले, परत आले, म्हणाले, "सांगतो."

म्हणाले, "मला ताप व्हता. दुसरी पाळी व्हती. मी सागरला पाठवलं."

करुणाताईंनी साधेपणाने विचारलं, "किती वाजता निघाला तो?"

बाबा थांबले. म्हणाले, "दीड... दीडला."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक वाजता. एक वाजता निघाला."

बाबा माझ्याकडे असे बघत होते, जसे लहानपणी परक्या घरी आपण काही बोलून जाऊ म्हणून बघायचे. करुणाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाबांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, आज एवढं पुरे.

घरी येताना बाबा रिक्षात म्हणाले, "सागरचं पुण्यानुमोदन मला नीट करायचं हाय. गावात. अभय आला तरच." म्हणजे पुन्हा सगळं तुझ्यावर येऊन थांबलं. प्रत्येक वेळी तुझ्यावर.

आज एवढंच. माझं डोकं दुखतंय.

रसिका


रत्नागिरी,
१६ मार्च २०२५

दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता फाडणार नाही. आत्ता कागद काकूंच्या ओट्यावर ठेवून लिहितेय, म्हणजे बाबा येऊन बघणार नाहीत.

सागर एक वाजता निघाला हे मला माहीत आहे, कारण त्याला मी पाठवलं.

बाबा तापात झोपले होते. एकशे तीन ताप. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या आधी सकाळी ते म्हणाले होते, कसंही करून जातो, बदली मिळणार नाही. सागरही त्याच कारखान्यात होता, पण त्याला त्या दिवशी सुट्टी होती आणि पूर्णगडला त्याची क्रिकेटची मॅच होती. बॅट बांधून तयार होता. मी त्याला म्हटलं, तू जा बाबांच्या जागी. उद्या पाहुणे मला बघायला येणार आहेत, बाबांना उभं तरी राहता आलं पाहिजे. तो म्हणाला, "ताय, एकच मॅच. संध्याकाळी त्यांना बरं वाटेल." मी म्हटलं, तुला कधी घराची पडलेली असते? तो चिडला. डबा न घेता निघाला. मी दारातून डबा डबा म्हणून ओरडले. त्याने हात केला, मागे वळला नाही.

आई गेल्यावर त्याला मी वाढवला होता. अंघोळ घालण्यापासून. त्याने माझं ऐकायचं, ही सवय मीच लावली होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी बाबांना हे सांगितलं. ते भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "कुणाला सांगू नको. मी पाठवला. कळलं? मी." मला वाटलं ते तापात बोलतायत. पण पोलीस आले, साहेब आले, भावकी आली, ते सगळ्यांना तेच सांगत राहिले.

आणि मग तू बोललास. मी तुझ्यापासून चार हातांवर बसले होते. पदर तोंडात धरून. तू त्यांना काय काय म्हणालास आणि ते खाली बघून ऐकत राहिले, आणि मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, सहा वर्षं नाही. तुला नऊ जानेवारीला लिहिताना पण "त्यात मला पडायचं नाही" असं लिहिलं. किती सोयीचं.

तू आला नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडत होते. तू आलास तर हे सांगावं लागेल म्हणूनही चिडत होते. आता काय ते तू ठरव.

तेव्हाचे पाहुणे नंतर कधी आलेच नाहीत, ते तुला माहीत आहे.

रसिका


रत्नागिरी,
११ एप्रिल २०२५

दादा,

काल तू आलास आणि गेलास. घरी जेवला नाहीस. स्टेशनवर जायला रिक्षा बघतानाही माझ्याकडे बघितलं नाहीस. जे तिथे बोलता आलं नाही ते लिहिते, कारण सवय झालीय.

तू करुणाताईंच्या खोलीत शिरलास तेव्हा बाबा उभे राहिले. स्वतःच्या मुलासाठी कोणी उभं राहतं का? मी तुला सगळं लिहिलंय, हे बाबांना माहीत नव्हतं. बसल्या बसल्या त्यांनी सुरू केलं, "अभय, तू बोललास ते बरोबर. मी त्याला पाठवला."

तू म्हणालास, "बाबा, मला माहीत आहे. रसिकाने लिहिलंय."

सहा वर्षांत बाबांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. तो काल ऐकला, आणि तो माझ्यावर. "सहा वर्षं झाकून ठेवलं ते तू पाकिटात घालून पोस्टात टाकलंस? तुला गप बसायला काय झालं गो?" मला वाटलं, करुणाताई थांबवतील. त्या थांबल्या. बाबांचा श्वास खाली आल्यावर हळूच म्हणाल्या, "कोणासाठी झाकलं होतंत?"

बाबा म्हणाले, "हिच्यासाठी. आईविना पोरगी. भावकीनं हिला खाल्ली असती. जन्मभर बोटं दाखवली असती. मी म्हातारा, मला काय, बोलून बोलून गप बसतील."

तू तेव्हा खाली बघत होतास. मग म्हणालास, "मी सगळ्यांसमोर बोललो."

मला वाटलं बाबा म्हणतील, जाऊ दे. ते म्हणाले, "बोललास. माझ्या कानात अजून हाय."

मला ते आवडलं, दादा. तुला लागावं म्हणून नाही. त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं दुखणं स्वतःचं म्हणून सांगितलं. तू त्यांचे हात हातात घेतलेस, जळलेले तळवे उलटे करून बघितलेस, आणि तुला रडू आलं. मग मान वर करून मला म्हणालास, "आणि तू बघत राहिलीस."

हो. बघत राहिले.

करुणाताई मला सोडवायला आल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की हा राग इथे ठेवायला जागा आहे, तो आजच संपवायची घाई नाही. मग बाबांनी शिफ्टच्या वहीत काय लिहिलं होतं ते त्यांनी बाबांना तुलाही सांगायला लावलं. तीन तारखा, तीन सह्या. तू विचारलंस, "ती वही कुठे आहे?" बाबा म्हणाले, "जळली." ते ऐकल्यावर सागरला कोणी पाठवलं, हा प्रश्न पहिल्यांदाच मला थोडा लहान वाटला. लहान, नाहीसा नाही.

तू बाबांशी बोललास, माझ्याशी नाही. सहा वर्षं तुमचा अबोला मी सोसला, आता माझ्या वाट्याचा चालू झाला. रीतीने मला राग यायला नको. पण येतोय.

बाबांनी काल सव्वाचारला फोन केला नाही. मी तिथेच त्यांच्या समोर बसले होते म्हणून असेल. आज केला.

बुद्धपौर्णिमेला पुण्यानुमोदन ठरवतायत. बाबांसाठी ये.

रसिका


रत्नागिरी,
१३ मे २०२५

दादा,

जयभीम.

काल तू तिथेच होतास, तेव्हा काय झालं ते तुला सांगायला नको. पण तू पुढे बाबांजवळ बसला होतास आणि मी मागे बायकांत, तेव्हा माझ्या जागेवरून काय दिसलं ते सांगते.

बाबा पांढऱ्या सदऱ्यात, विहाराच्या मधोमध. पंखे बंद ठेवायला सांगितले होते, दारं-खिडक्या उघड्या. हे सगळं त्यांनी स्वतः विहाराचं बघणाऱ्या आत्मारामकाकांना सांगितलं, लाज न वाटता. त्रिसरण सुरू झालं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मी बघत होते, ऐकू येतंय का त्यांना या वेळी. येत होतं. एका ठिकाणी बौद्धाचार्यांची ओळ चुकली तर बाबांनी मान वर केली. मला हसू आलं, नेमकं तिथे.

मग आदरांजलीचं बोलणं. आत्मारामकाका बोलले, सागरच्या मॅचमधले दोघं बोलले. मग तू उठलास. मला माहीत नव्हतं तू बोलणार आहेस. वहिनीलाही नव्हतं, तिने माझा हात धरला.

तू म्हणालास, "सहा वर्षांपूर्वी मी याच जागेवर बाबांना जे बोललो ते खोटं होतं. त्यांनी सागरला पाठवलं नव्हतं. ते तापात झोपले होते. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर मागे घेतो."

कोणीतरी खोकलं. आणि मथुरा आत्याने विचारलंच, माणसं विचारतातच. तिच्या मनात वाईट नव्हतं. "मग पोराला पाठवला कुणी?"

विहारात एवढी माणसं, दादा, आणि मला फक्त बाबांची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. ते बोलणार होते, मला माहीत होतं काय बोलणार होते. मी उठायला लागले. या वेळी त्यांच्या आधी मी बोलायचं ठरवलं होतं, करुणाताईंना तसं सांगून आले होते. गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठलेही.

तू माझ्याकडे बघितलंस. एप्रिलपासून पहिल्यांदा. नंतर आत्याकडे वळून म्हणालास, "कुणी पाठवला ते सोड, आत्या. तो कामावर गेला होता. फुटणारा व्हॉल्व्ह न बदलता ज्यांनी कारखाना चालू ठेवला, त्यांना विचार."

मी अर्धी उठले होते ती खाली बसले.

जेवणाच्या पंगतीत तू माझ्याशी बोलला नाहीस. बस यायच्या वेळीही नाही. नको बोलूस. तुझा राग अजून आहे, मला दिसतो, आणि तो असावा. मला तुझ्याकडून माफी नकोय, मी घेतलीही नसती, इतक्या लवकर कशी घेऊ? पण बाबांसारखं माझ्यासाठी खोटं बोलला नाहीस. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

येत्या गुरुवारी करुणाताईंकडे बाबा येणार नाहीत. म्हणाले, "या खेपेला तू एकटी जा. मला काशीबायकडे भाकऱ्यांना बोलवलंय." मी म्हटलं, चुलीवरच्या? म्हणाले, "गॅसवरच्या."

रसिका